पूजेआधीचं पाणी

नांदेड,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय महांतेश अण्णा,

साष्टांग नमस्कार लिहिला असता, पण तुला हसू येईल. साधाच नमस्कार घे. वैनीला पण सांग, आणि शिवांशचा एक पापा घे माझ्याकडून. आम्ही इकडं ठीक. तुम्ही तिकडं ठीक आहात असं धरून चालते, कारण फोनवर विचारलं की तू "हां, ठीक, ठेवतो, गिऱ्हाईक आलंय" एवढंच म्हणतोस. मुरुडात एवढी भांडी कोण घ्यायलंय रे? म्हणून कागद घेतला. कागद तुला मध्येच ठेवता येणार नाही. म्हणजे येईल, पण परत उचलावा लागेल.

माझं कॉलेज चालू आहे. अजून तासिका तत्त्वावरच. सकाळचा पहिला तास माझा. पोरं झोपेत असतात नि मी शिकवते. कधीकधी मी झोपेत असते नि पोरं एकमेकांना शिकवतात. खोली बरी आहे, पाणी दिवसाआड येतं. अप्पांनी गॅलरीत डब्यांमध्ये मिरच्या लावल्यात. आपल्या दुकानातून इकडं राहायला येताना त्यांनी ते भांड्यावर नाव टाकायचं मशीन आणलं होतं ना, ते आता गल्लीत फेमस झालंय. बायका लग्नाची भांडी घेऊन येतात नि अप्पा फुकटात नावं टाकून देतात. वर विचारतात, "पत्रा कितीच्या गेजचा हाय? फसवलं तुमाला."

अप्पांना फिट आली हे तुला कळलंच असेल. मी वैनीला सांगितलं होतं, म्हणजे तुला सांगितल्यासारखंच. डिसेंबरात. ताटावर बसले होते, हातातला घास हातातच राहिला, डोळे वर गेले नि मग सगळं अंग झटके द्यायला लागलं. मी ओरडले तर शेजारच्या विठाबाई काकू चप्पल घेऊन आल्या, हुंगवायला. मी चप्पल हिसकून बाहेर फेकली. त्यांना राग आला. "आगं, धुतलेली हाय," म्हणाल्या.

मोठ्या दवाखान्यात डोक्याचा एमआरआय काढला. मागं कधीतरी बारीक झटका येऊन गेलाय म्हणे, आपल्याला कळला पण नाही, त्याचा डाग राहिलाय. त्या डागातून फिट.

त्या मशीनच्या खोलीचं सांगते. आत धातू चालत नाही म्हणाले. अप्पा गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढायलाच तयार नाहीत. "जीव काढा म्हणावं. हे न्हाई." टेक्निशियन पोरगा पण कुठलातरी आपल्या लिंगायतांतलाच निघाला, उदगीरकडचा, त्यानं समजूत घातली तरी ऐकेनात. शेवटी मी म्हटलं, अप्पा, माझ्या मुठीत राहील. तेव्हा दिली. मी बाहेर मूठ वळून बसले. आतून हातोड्यासारखा आवाज. तेवढ्यात काउंटरवरून हाक आली, सही पाहिजे म्हणून. मी गेले, डबी टेबलावर ठेवली, सही केली आणि निघाले. जिन्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की मूठ रिकामी आहे.

होती तिथंच. पण मला घाम फुटला, अण्णा. अव्वा दवाखान्यात होती तेव्हा तू रक्ताच्या बाटल्यांसाठी या मजल्यावरून त्या मजल्यावर पळत होतास. मी तर नुसती सही करत होते.

हे मी नंतर लिहिणार होते. आता लिहिलं गेलंय तर राहू दे.

गोळ्यांचं सांगते. डॉक्टर मॅडम तरुण आहेत, भरभर बोलतात, पण बसवून समजावतात. फिटची गोळी सुरू केली की पहिले काही दिवस झोप येईल, गरगरेल, मळमळेल. शरीराला सवय लागेपर्यंत. पण अंगावर पुरळ उठलं, तोल जायला लागला किंवा एकाचे दोन दिसायला लागले तर वाट बघायची नाही, लगेच सांगायचं. आणि मनानं गोळी बंद करायची नाही, मागंपुढं करायची नाही. सकाळी नाश्त्यावर एक, रात्री जेवणावर एक. अप्पा मान हलवत होते. त्यांना ऐकू येतं तेवढं त्यांना ऐकायचं असतं.

मग सुरू झालं. दिवसा झोप. टीव्ही बघता बघता मान खाली. जेवणाला चव नाही. आणि चालणं कसं, तर चालत्या एसटीत उभं राहिल्यासारखं. दर दोन पावलांना भिंतीला हात. मी रोज संध्याकाळी त्यांची पाठ, पोट बघायचे, पुरळ आहे का म्हणून. "काय बगतीस गं सारखं? नकाशा हाय का माझ्या पाठीवर?" पुरळ नव्हतं. मी निर्धास्त. विठाबाई काकूंच्या जयाच्या लग्नाचा हंडा आला होता नाव टाकायला, त्यावर अप्पांनी 'जया' टाकलं आणि त्याच्याच अंगावर थोडं सरकून परत 'जया' टाकलं. "पुसट पडलं व्हतं," म्हणाले. मी म्हटलं, हात थकला असेल.

पण ह्याच दिवसांत अप्पा खुश राहायला लागले. हे तुला खोटं वाटेल. दीड वर्ष मी एक न बोलणारा माणूस घरात वागवायलेय, सकाळी गुडघे वर करून बसला की संध्याकाळी तिथंच. तो माणूस एक दिवस म्हणाला, "शिवे, हुग्गी कर की." अव्वा गेल्यापासून घरात ती गव्हाची खीर शिजली नव्हती. मी केली. गूळ जास्त पडला. तरी दोनदा घेतली. कॉलेजातून आले की आतून गुणगुणण्याचा आवाज यायचा. विठाबाई काकू म्हणाल्या, गोळी मानवली बघ म्हाताऱ्याला. मला पण तसंच वाटलं.

(दुपारी परत बसलेय. अप्पा झोपलेत.)

एका सकाळी मी चहाचं आधण ठेवलेलं. मागं खडखड झालं म्हणून वळले तर अप्पा तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायलेले. अंघोळ नाही, पूजा नाही.

तुला सांगायला नको. पूजेआधी पाण्याचा थेंब नाही, हे अप्पांचं लहानपणापासूनचं. लातूरला रेल्वेनं पाणी यायचं त्या उन्हाळ्यात घसा कोरडा पडून आवाज निघत नव्हता तरी आधी पूजा, मग पाणी. अव्वा चिडायची, "देव काय तुमच्या घोटावर टपलाय का?" तरी नाही.

"अप्पा, पूजा?"

"करतो की."

"आणि हे पाणी?"

"गोळी हाय. औषधाला चालतंय."

"गोळी नाश्त्यावर आहे अप्पा."

"तू कॉलेजला जा. पोरं वाट बगत असतील." पोरं कधी कुणाची वाट बघत नाहीत, हे त्यांना पण माहीत आहे.

मी त्या दिवशी नुसती विचारात. पुढच्या सकाळी विभूती संपली का बघायला म्हणून त्यांची डबी उघडली, तर विभूतीत अर्धी बुडालेली गोळी. रात्रीची. मी जेवणानंतर हातावर दिलेली, माझ्यासमोर तोंडात टाकलेली. म्हणजे जिभेखाली धरून नंतर काढली होती. रात्रीची ठेवायची आणि सकाळी दोन्ही एकदम, उपाशीपोटी. डबी होती तशी ठेवली आणि दाराआड उभी राहिले.

त्यांनी गोळ्या घेतल्या, पाणी प्याले, अंघोळीला गेले, मग मिरच्यांना पाणी घातलं. उगीच वेळ काढायलेत असं दिसत होतं. मग पाटावर बसले. डाव्या तळहातावर लिंग, नजर त्यावर, नेहमीसारखं. पण अण्णा, लिंगाला पान वाहिलं आणि मग शेजारी, तळहातावर जिथं काहीच नाही तिथं, दुसरं पान ठेवलं. त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं, लेकराच्या गालावरून फिरवावं तसं.

मी आत गेले. "तिथं काय आहे अप्पा?"

त्यांनी पान नीट केलं. मग हसले. "तुझ्या अव्वाचं. आलंय." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "महांतेशला कळव. सापडलं म्हणून."

आता जे टाळायलेय ते लिहिते. आपण दोघांनी पण दीड वर्ष टाळलंय.

आपल्यात माणूस गळ्यातल्या लिंगासकट मातीत जातो. जन्मल्यावर बांधलेलं लिंग, शेवटी तेच तळहातावर ठेवून बसवायचं. अव्वाला मशीनमध्ये नेताना नर्सनं तिचं लिंग काढून तुझ्याकडं दिलं, तू शर्टच्या खिशात ठेवलंस, आणि त्या पळापळीत ते कुठंतरी पडलं. तू कुणाला सांगितलं नाहीस. रात्रभर एकटा दवाखान्याचे जिने झाडत होतास, हे मला नंतर वॉचमननं सांगितलं. मळ्यात खड्ड्यापाशी स्वामींनी मागितलं तेव्हा तू नुसता उभा. स्वामींनी त्यांच्याजवळचं एक दिलं, म्हणाले, लिंग ते लिंगच. पण अप्पा सगळ्या भावकीसमोर बोलले ते बोललेच. ते वाक्य मी इथं लिहीत नाही. तुला पाठ असेल. मग ते माझ्यामागं नांदेडला आले आणि तुझं नाव घरात बंद झालं. शिवांशचा फोटो आला की बघायचे, पण विचारायचे, "कुणाचं लेकरू हाय?"

आणि त्या तोंडातून "महांतेशला कळव."

मला त्याच क्षणी कळलं होतं काय झालंय. मॅडमनी सांगितलेलंच होतं. एकाचे दोन. गोळी रक्तात चढली की तासा-दोन तासांनी डोळ्यांना दोन दिसतात. अप्पांनी वेळ बरोबर हेरली होती. म्हणूनच पूजेआधीचं पाणी.

आणि मी फोन केला नाही, अण्णा. ना डॉक्टरला, ना तुला. रोज ठरवायचे नि रोज कॉलेजला निघून जायचे. डॉक्टरला सांगितलं तर गोळी बदलेल. गोळी बदलली की अव्वाचं लिंग जाईल, आणि त्याबरोबर तू पण जाशील. तू त्या नसलेल्या लिंगावर उभा होतास. तुला कळवलं असतं तर तू आला असतास, पाया पडला असतास, सगळं जुळलं असतं. एका चढलेल्या गोळीवर. मी मोबाईलवर "अण्णा, अप्पा म्हणतात सापडलं" एवढं लिहायचे आणि खोडायचे. त्याच वेळी मला हेही कळत होतं की रात्री त्यांच्या अंगात औषध नाही, पहाटे फिट आली तर मी शेजारच्या खोलीत झोपलेली असणार.

शेवटी मी काही ठरवलं नाही. पायरीनं ठरवलं.

स्टेशनजवळ ऑटोतून उतरताना अप्पांना खाली दोन पायऱ्या दिसल्या. त्यांनी नसलेल्या पायरीवर पाय ठेवला. तोंडावर पडले. हनुवटी फुटली, पांढऱ्या सदऱ्यावर सगळं रक्त. ऑटोवाला त्यांना उठवता उठवता म्हणाला, "क्या चाचा, सुबह सुबह लगा के आए क्या?" अप्पांना हनुवटीपेक्षा ते जास्त लागलं. आयुष्यात सुपारी खाल्ली नाही माणसानं. टाके घालेपर्यंत बडबडायलेले, "मी? मी पिलोय? आं? मी?"

टाके घालून झाल्यावर मी त्यांना बाहेर बसवलं आणि मॅडमना सगळं सांगितलं. विभूतीची डबी, दुसरं पान, सगळं. त्या एरवी भरभर बोलतात, तेव्हा थांबून थांबून बोलल्या. दोन गोळ्या एकदम घेतल्या की सकाळी औषध फार चढतं, म्हणून दोन दिसणं, म्हणून तोल. आणि रात्री काहीच उरत नाही, म्हणजे फिटला दार उघडं. नशीब म्हणायचं, पायरीवर भागलं. त्यांनी तीच गोळी हळूहळू विरघळणारी लिहून दिली, रक्त तपासायला दिलं. दोन्ही वेळा जेवणावर, माझ्या हातानं, आणि तोंड उघडून बघायचं. निघताना म्हणाल्या, "आधी यायला हवं होतं तुम्ही." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

अप्पांना मी एवढंच सांगितलं की गोळी बदललीय. ते रोज गोळी घेऊन तोंड उघडून दाखवायचे, जीभ वर करून, शाळेतल्या पोरासारखं. सकाळचं पाणी बंद झालं. पूजेला मात्र जास्त वेळ बसायला लागले. मी दार लोटून घ्यायचे. मला बघवत नव्हतं.

परवा सकाळी पूजा करून बाहेर आले, चहाचा कप घेतला आणि म्हणाले, "आज एकच हाय."

मी म्हटलं, "अप्पा, ते गोळीमुळं..."

"मला काय सांगतीस? ठाऊक व्हतं मला."

"काय ठाऊक होतं?"

"मला एकटं लिंगच दोन दिसायलं व्हतं व्हय? कप दोन. तांब्या दोन. तू बी दोन. एक शिवानी डोकं खायाली आन दुसरी शेजारी गप बसायली. ती बरी व्हती."

मी हसले पण नाही. "मग दवाखान्यात सांगितलं का नाही? मॅडमनी विचारलं तेव्हा 'मस्त हाय' म्हणालात."

त्यांनी चहा बशीत ओतला. फुंकर घालत बसले. "बगत व्हतो," म्हणाले. "तुझी अव्वा गेली की किती दिवस झाले. बगत बसलो. कुणाचं काय गेलं?"

"तुमचा जीव गेला असता."

"गेला न्हाई."

मग चहा संपवला. बशी पालथी घातली. आणि म्हणाले, "त्याला लिहिलंस का? सापडलं म्हणून."

"अप्पा, पण सापडलं नाही ना. तुम्हीच म्हणालात आत्ता."

"मी म्हणतो सापडलं. माझ्या बायकोचं हाय, मी म्हणतो. तुझं काय जातंय? लिही."

मी उभीच. अण्णा, मी मराठी शिकवते, कथेत कोण खोटं बोलतं नि कोण खरं हे पोरांना विचारते. मला एवढंच कळलं की दुसरं लिंग खरं नव्हतं हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे "महांतेशला कळव" हे गोळीचं नव्हतं. ते त्यांचं होतं. दीड वर्ष ते तोंडातून काढायला त्यांना काहीतरी निमित्त पाहिजे होतं. मी त्या निमित्ताला घाबरून बसले होते.

म्हणून हे पत्र. त्यांनी दोन शब्दांचं सांगितलं होतं, मी सगळंच लिहिलंय. आत्ता उठून आले नि डोकावून म्हणाले, "किती लिहिती? पोथी लिहायलीस का?" दोन शब्द लिहिले असते तर तू कदाचित विश्वास ठेवला असतास, धावत आला असतास, आणि मग कधीतरी तुला कळलं असतं. तसं नको. सापडलेलं नाही, अण्णा. ते त्या दवाखान्याच्या कुठल्यातरी जिन्यात गेलं ते गेलं. तरी अप्पा म्हणतात सापडलं. हे दोन्ही माहीत असून येणार असशील तर ये.

एक काम पण आहे. गोळी बदलली तरी अप्पांचा हात थरथरतो. काही आठवडे राहील, मग बघू, असं मॅडम म्हणाल्या. पूजेला लिंग तळहातावर ठेवलं की ते हलतं, त्यांना भीती वाटते पडेल म्हणून, नजर ठरत नाही. आज सकाळी मी समोर बसून त्यांच्या हाताखाली माझा हात धरला. थोडा वेळ बरं होतं. मग त्यांनी डोळे न उचलता म्हटलं, "तुझा हात ल्हान पडतो."

मी म्हटलं, दोन्ही हात धरते.

"नको. महांतेशचा पंजा रुंद हाय."

पुढच्या रविवारी शिवरात्र आहे. शनिवारी दुकान लवकर बंद कर, लातूरहून संध्याकाळची गाडी पकड. वैनीला नि शिवांशला आण. अप्पा दारात येतील असं समजू नकोस, बोलतील असं पण नाही. सकाळी अंघोळ करून नुसता समोर बस, बाकी ते सांगतील.

हात लहान पडलेली,
तुझी शिवानी